‘दहा मिनिटांत हजार सर्व्हर’ या मजकुराला उत्तर

गेल्या दोन आठवड्यांत एकच मजकूर चार वेगवेगळ्या ग्रुपवरून माझ्याकडे आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बेअर मेटल सर्व्हर (ग्राहकाला अख्खं दिलेलं खरंखुरं मशीन) उभे करणं हा १९९९ मध्येच सुटलेला प्रश्न आहे. मशीन नेटवर्कवरून बूट करा, इमेज (ऑपरेटिंग सिस्टमची तयार प्रत) ओता, दहा मिनिटांत हजार सर्व्हर तयार. हार्डवेअर नवं असेल तर तपासत बसायची गरज नाही. ग्राहक गेला की डिस्क पुसा आणि मशीन पुढच्याला द्या. आणि आता सगळं व्हर्च्युअलच (सॉफ्टवेअरने भासवलेली मशीन) आहे, तेव्हा या कामाला वेगळी टीम पोसणं म्हणजे पैशाची नासाडी.

मी नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये हेच काम करतो. हा मजकूर वाचून आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा मला म्हणाला, “दादा, मग मी दुसरं काहीतरी शिकू का?” त्याचा पडलेला चेहरा बघून मला राहवलं नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘१९९९ मध्ये सुटलेला प्रश्न’. साल बरोबर आहे. पीएक्सई म्हणजे नेटवर्कवरून बूट करायचं मानक; त्याची २.१ ही आवृत्ती इंटेलने त्या वर्षी आणली. पण तिने ठरवून दिलं ते एवढंच: मशीनने डीएचसीपीकडे (नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे) पत्ता मागायचा, कुठली फाइल घ्यायची ते विचारायचं आणि ती टीएफटीपीने (फाइल पाठवायच्या एका साध्या पद्धतीने) ओढायची. मूळ टीएफटीपी एका वेळी ५१२ बाइट पाठवतो आणि त्याची पोच आल्याशिवाय पुढचा तुकडा सोडत नाही. एका फेरीला एक मिलिसेकंद धरा आणि ४०० एमबीची रॅमडिस्क (मेमरीतच चालणारी तात्पुरती सिस्टम) अशी आणून बघा. तेरा मिनिटं लागतात, आणि खऱ्या इमेजला अजून हातही लागलेला नसतो. तुकडा मोठा करता येतो, तरी मोठ्या संख्येला हा रस्ता पुरत नाही. म्हणूनच आयपीएक्सई हा पीएक्सईचा सुधारलेला अवतार आला, म्हणूनच २०१५ मध्ये यूईएफआयच्या (मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मानकाच्या) २.५ आवृत्तीत थेट एचटीटीपीवरून बूट करायची सोय आली. सुटलेल्या प्रश्नावर सोळा वर्षांनी कुणी एवढी मेहनत घेत नाही.

आणि फाइल यायला आधी पोर्ट (मशीनची नेटवर्कशी जोडणी) तर उघडा हवा. एका रात्री आम्ही चाळीस मशीनचा रॅक लावला. सगळ्यांच्या स्क्रीनवर तीच ओळ: पीएक्सई-ई५१, डीएचसीपीकडून काही उत्तर नाही. केबलचे दिवे हिरवे. डीएचसीपीचा लॉग उघडला तर तो कोरा, म्हणजे मशीनची हाक तिथवर पोचतच नव्हती. दोन तास आम्ही केबली बदलत बसलो. पहाटे तीनच्या सुमारास कुणीतरी स्विचचं (सगळ्या केबली जिथे येतात त्या पेटीचं) कॉन्फिगरेशन नीट वाचलं. प्रत्येक मशीनचे दोन पोर्ट एलएसीपीने (दोन जोडण्या एक करून वापरायच्या पद्धतीने) जोडलेले होते, आणि समोरून एलएसीपीचं बोलणं सुरू झाल्याशिवाय स्विच काही पुढे सोडत नव्हता. ते बोलणं येतं ऑपरेटिंग सिस्टम उठल्यावर. सिस्टम उठायला पोर्ट हवा, पोर्ट उघडायला सिस्टम हवी. घराची किल्ली घरातच राहिली होती. स्विचवर एलएसीपी फॉलबॅकची (ते बोलणं नसलं तरी पोर्ट उघडायची) एक ओळ टाकली आणि चाळीसही मशीन एकापाठोपाठ उठली. ती ओळ कुठल्याही इमेजमध्ये नसते.

‘दहा मिनिटांत हजार’ हा हिशेब कागदावरच मोडतो. भरपूर मेमरी असलेला सर्व्हर नुसता चालू होऊन मेमरी तपासण्यात कित्येक मिनिटं घेतो, आणि बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरची) सेटिंग, फर्मवेअर (प्रत्येक भागाच्या आतलं सॉफ्टवेअर), रेड (अनेक डिस्कवर डेटा सांभाळायची रचना) यांच्यासाठी तो पुन्हा पुन्हा बंद-चालू करावा लागतो. पाच जीबीची इमेज हजार मशीनना द्यायची म्हणजे पाच टीबी. दहा गिगाबिटच्या एका लिंकवरून त्याला तासाच्या वर लागतो. वाटायची ठिकाणं वाढवून हा वेळ कमी करता येतो, आम्हीही करतो; पण ती ठिकाणं कुणीतरी आखून उभी करावी लागतात.

आता ज्या मुद्द्याने मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो: ‘नवं आहे, तपासायचं कशाला’. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने कळवलं की त्यांच्या काही एसएएस एसएसडी (सर्व्हरमधल्या एका प्रकारच्या डिस्क) ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतील, डेटासकट. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. दोष फर्मवेअरमध्ये होता, उपाय नव्या फर्मवेअरचा. आता विचार करा: एकाच दिवशी चालू केलेल्या हजार मशीनमध्ये या डिस्क असतील तर त्या एकाच दिवशी जातील. रेडमधली एक गेली तर दुसरी सांभाळते हा आपला सगळा भरवसा, आणि इथे दोन्ही एकाच घटकेला. मशीन लावताना फर्मवेअरची आवृत्ती तपासणारी पायरी ‘वेळखाऊ’ म्हणून काढून टाकली की हे असं पदरात पडतं.

प्रोसेसरचंही तसंच. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी एक प्रकरण मांडलं. त्यांच्या एका मशीनमधला एकच कोअर (प्रोसेसरमधला हिशेब करणारा एक भाग) १.१ चा ५३वा घात काढून त्याचा पूर्णांक ० द्यायचा. उत्तर यायला हवं १५६. ना एरर, ना लॉगमध्ये ओळ. फाइल उलगडताना तिचा आकार शून्य आहे असं हे मशीन सांगायचं आणि फाइल गुपचूप गायब व्हायची. गूगलच्या लोकांनीही त्याच वर्षी सांगितलं की दर काही हजार मशीनमागे असे दोन-चार कोअर त्यांना सापडतात. दहा मशीन चालवणाऱ्याला हे आयुष्यात दिसणार नाही. हजारो चालवणाऱ्याच्या घरात ते आधीच असतं. म्हणून ग्राहकाला देण्याआधी मशीनला घाम फोडावा लागतो. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या संशोधन संस्थेने आपल्या डेटा सेंटरसाठी हे काम ओपनस्टॅकच्या आयर्निकमध्येच (बेअर मेटल उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच) बसवलं: प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांच्यावर मुद्दाम ताण द्यायचा आणि टिकेल तेच मशीन पुढे सोडायचं. याला वेळ लागतो. लागू द्यावा.

‘डिस्क पुसली की झालं’ म्हणणाऱ्यांनी बीएमसी हा शब्द ऐकलेला दिसत नाही. प्रत्येक सर्व्हरच्या बोर्डावर हा एक छोटा वेगळा कॉम्प्युटर असतो. सर्व्हर बंद असला तरी हा जागा असतो, आणि त्याचं फर्मवेअर त्याच्या स्वतःच्या फ्लॅशमध्ये असतं. डिस्क शंभर वेळा पुसा, त्याला धक्का लागत नाही. एक्लिप्सियम या कंपनीच्या संशोधकांनी आयबीएमच्या क्लाउडवर एक बेअर मेटल सर्व्हर भाड्याने घेतला, बीएमसीच्या फर्मवेअरमध्ये फक्त एक बिट बदलला, एक जादा युजर तयार केला आणि सर्व्हर परत केला. तोच सर्व्हर पुन्हा मिळवला तेव्हा जादा युजर गेलेला होता, बदललेला बिट मात्र जागच्या जागी. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. त्यावर आयबीएमने उपाय केला तो हाच: मशीन पुढच्याला देण्याआधी बीएमसीचं फर्मवेअर नव्याने भरायचं, लॉग पुसायचे, पासवर्ड नवे करायचे. शिवाय बीएमसीशी दुरून बोलायची जुनी पद्धत, आयपीएमआय २.०, लॉगइन होण्याआधीच पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड ताडता येतो असं त्याचं रूप) समोरच्याला देऊन टाकते. म्हणून बीएमसीचं नेटवर्क वेगळं ठेवायचं आणि शक्य तिथे रेडफिश ही नवी पद्धत वापरायची. ही सगळी कामं ‘साफसफाई’च्या एका शब्दात मोडतात, आणि पुढच्या ग्राहकाचा डेटा त्यांच्यावर उभा असतो.

‘सगळं व्हर्च्युअल आहे’ याला फार शब्द नकोत. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनखाली कुणीतरी लावलेलं लोखंड आहे. ॲमेझॉनने २०१८ मध्ये स्वतःहून बेअर मेटल ग्राहकांना खुलं केलं. मेटाने लामा ३ हे एआय मॉडेल शिकवताना १६,३८४ जीपीयू लावले तेव्हा ५४ दिवसांत ४१९ वेळा काम अचानक थांबलं, आणि त्यातल्या बहुतेक वेळा कारण हार्डवेअरचंच होतं. ती मशीन बाजूला काढून, तपासून परत रांगेत आणणं म्हणजे हेच आमचं काम.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. त्याला मी म्हटलं, दुसरं शिक, पण हे सोडून नको. आयर्निक, मास, टिंकरबेल, मेटल-क्यूब्ड ही बेअर मेटल उभं करायची सगळी साधनं मुक्त आहेत. सुशी-टूल्स नावाचं एक साधन साध्या व्हर्च्युअल मशीनना खोटा रेडफिश बीएमसी लावून देतं, म्हणजे रॅक नसतानाही घरच्या लॅपटॉपवर पूर्ण फेरी करून बघता येते. शनिवार-रविवार तो त्यातच होता. सोमवारी आल्या आल्या त्याने विचारलं, “दादा, माझं मशीन क्लीनिंगमध्येच अडकतंय, लॉग कुठे बघू?” आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो.