मुख्यालयाची पॉलिसी आहेच, मग सल्लागार कशाला? : एक प्रतिवाद

गेले काही आठवडे नाशिकमधल्या स्वयंसेवी संस्थांच्या आणि एचआरवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : आंतरराष्ट्रीय संस्थेने आपली मनुष्यबळ धोरणे अद्ययावत करण्यासाठी बाहेरचा सल्लागार नेमणे म्हणजे देणगीदाराच्या पैशाची उधळपट्टी आहे, अशा संस्थांना इथले कामगार कायदे मुळात लागूच होत नाहीत, मुख्यालयाची पॉलिसी तयार असते, ती जशीच्या तशी वापरावी, फार तर एआयकडून दुपारभरात मसुदा करून घ्यावा, सल्लागार तरी जुन्या कागदावर नवा लोगो चिकटवण्यापलीकडे काय करतो, आणि करायचेच असेल तर संस्थेतला जुना माणूस ते काम अधिक चांगले करील.

मी सल्लागार नाही. एका आंतरराष्ट्रीय विकास संस्थेच्या गंगापूर रोडवरील कार्यालयात मी हिशेब आणि प्रशासन सांभाळतो. नुकतेच असे एक काम आमच्याकडे पार पडले, तेव्हा संस्थेच्या बाजूचे सगळे कागद माझ्या हातून गेले. त्या अनुभवावरून सांगतो, की या संदेशात एक-दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्या आडोशाने बाकीच्या चुकीच्या गोष्टी खपून जात आहेत.

कायदे लागू होत नाहीत, हे विधान सर्वांत धोक्याचे आहे, म्हणून आधी ते घेतो. ‘आंतरराष्ट्रीय संस्था’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळे प्रकार येतात. संयुक्त राष्ट्रे आणि तिच्या संलग्न संस्था यांना भारतात १९४७ च्या स्वतंत्र कायद्याने विशेषाधिकार आणि संरक्षण दिलेले आहे. संयुक्त राष्ट्रांची सेवानियमावली स्वतःची आहे आणि कर्मचाऱ्याचा वाद २००९ पासून तिच्या स्वतःच्या विवाद न्यायाधिकरणापुढे जातो. परंतु पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत काम करणाऱ्या ज्या परदेशी नावांच्या संस्था आपण नाशिकमध्ये पाहतो, त्या बहुतेक इथेच नोंदलेल्या सोसायट्या, न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या ना-नफा कंपन्या असतात. नाव परदेशी असले तरी नोंदणी भारतीय असते आणि कर्मचारी भारतीय कायद्याखाली येतात. पहिल्या प्रकाराचे संरक्षण दुसऱ्या प्रकाराला मिळते, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते तो एका खऱ्या बदलातून आला. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७८ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात ‘उद्योग’ या शब्दाची व्याख्या इतकी रुंद केली, की सेवाभावी संस्थाही तिच्या कक्षेत येऊ शकत होत्या. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी कार्यात पूर्णतः वा प्रामुख्याने गुंतलेल्या संघटनांच्या संस्था त्या व्याख्येतून वगळल्या, आणि जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. संदेश लिहिणाऱ्याने या सुतावरून स्वर्ग गाठला आहे. वगळले गेले ते एका संहितेतील ‘उद्योग’ या व्याख्येतून. वेतन, ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम), भविष्य निर्वाह निधी, प्रसूती रजा आणि लैंगिक छळ प्रतिबंध यांतून नव्हे.

उलट ज्या संस्था प्रकल्पावर चालतात त्यांच्यासाठी नव्या तरतुदी अधिक जड आहेत. आमच्यासारख्या ठिकाणी निम्म्याहून अधिक माणसे दोन-तीन वर्षांच्या करारावर असतात. पूर्वी सलग पाच वर्षे सेवा झाल्याशिवाय ग्रॅच्युइटीचा प्रश्न येत नसे, त्यामुळे प्रकल्प संपला की हिशेबही संपत असे. सामाजिक सुरक्षा संहितेखाली निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतरच ती प्रमाणात द्यावी लागते. महिना २६,००० रुपये वेतन धरले तर, महिन्याचे २६ दिवस मोजून, पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने सेवेच्या प्रत्येक वर्षाला १५,००० रुपये होतात. दोन वर्षांच्या प्रकल्पावर बारा माणसे असतील तर ३,६०,००० रुपये. शिवाय ‘वेतन’ कशाला म्हणायचे हेही बदलले आहे : वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, म्हणजे मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे ठेवण्याची जुनी युक्ती आता चालत नाही. देणगीदाराशी करार करताना ही रक्कम अंदाजपत्रकात धरली नसेल, तर प्रकल्प बंद झाल्यावर ती आणायची कुठून? हा प्रश्न मुख्यालयाच्या पुस्तिकेत नव्हता आणि, कबूल करतो, माझ्या डोक्यातही नव्हता. तो सल्लागाराने पहिल्याच आठवड्यात विचारला.

आता मुख्यालयाची पॉलिसी जशीच्या तशी वापरण्याविषयी. तिच्यातल्या काही गोष्टी आपल्या कायद्यापेक्षा उदार असतात आणि त्या ठेवण्यात काहीच अडचण नाही. उदाहरणार्थ, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ पासून प्रत्येक पालकाला १६ आठवडे आणि जन्मदात्या आईला आणखी १० आठवडे रजा दिली. आईची बेरीज आपल्या कायद्यातल्या २६ आठवड्यांशी जुळते, वडिलांची मात्र आपल्या कायद्याच्या पुष्कळ पुढे जाते. जिथे मुख्यालय अधिक देते तिथे मुख्यालयाचे, जिथे कायदा अधिक देतो तिथे कायद्याचे, एवढा नियम पुरतो.

खरी अडचण येते ती कार्यपद्धतीत. आमच्या मुख्यालयाच्या पॉलिसीनुसार लैंगिक छळाची तक्रार परदेशातल्या एका हॉटलाइनवर इंग्रजीत करायची आणि चौकशी तिथला विभाग करणार. भारतात मात्र २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला हवी, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या शाखेतील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. आमच्या सुरगाण्याच्या शाखेत सात जण आहेत. तिथल्या एकाही कार्यकर्तीला अशी काही समिती आहे हे ठाऊक नव्हते, कारण आमच्या पॉलिसीत तिचा उल्लेखच नव्हता. हॉटलाइन काढून टाकायची असे नाही. गैरवर्तन करणारा माणूस एका संस्थेतून राजीनामा देऊन दुसरीत सुखाने रुजू होतो, हे २०१८ मध्ये ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या हैतीतील प्रकरणात जगापुढे आले, आणि त्यानंतर अनेक संस्थांनी नेमणुकीपूर्वी मागच्या संस्थेकडून गैरवर्तनाविषयी लेखी विचारणा सुरू केली. ती शिस्त मुख्यालयाकडूनच येते आणि ती हवीच आहे. पण हॉटलाइनवर आलेली तक्रार अंतर्गत समितीकडे कोण, किती दिवसांत आणि कोणत्या भाषेत पोचवणार, हे वाक्य कोणीतरी लिहावे लागते. दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवून असे सांधे जुळवणे हेच सल्लागाराचे मुख्य काम होते. लेखन हा त्यातला सर्वांत लहान भाग निघाला.

एआयबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मसुद्याची भाषा नीट करायला मी स्वतः ते वापरतो. आम्ही गंमत म्हणून एक पूर्ण पॉलिसी त्याच्याकडून लिहवून घेतली तेव्हा ती वाचायला झकास होती आणि ग्रॅच्युइटीच्या जागी पाच वर्षांचीच अट होती. कर्मचाऱ्यांच्या तक्रारींच्या फायली मात्र त्यात कोणी टाकू नयेत. त्या माहितीची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संस्थेवर टाकलेली आहे.

जुन्या कागदावर नवा लोगो, हा आक्षेप खरा आहे आणि तो मी नाकारणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका सल्लागाराने दिलेल्या मसुद्यात रजेच्या प्रकरणात दुसऱ्याच संस्थेचे नाव राहून गेले होते, आणि त्याचे पूर्ण बिल मीच अदा केले होते. पण दोष जितका त्याचा तितकाच आमचा होता, कारण आमच्या कार्यादेशात एवढेच लिहिले होते की ‘एचआर पॉलिसी अद्ययावत करून द्यावी’. जे मागितले ते मिळाले. या वेळी कार्यकक्षा चार पानांची केली. आधी उणिवांचा अहवाल, मग क्षेत्रावरच्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती, त्यात किमान दोन शाखांना प्रत्यक्ष भेट, मग मसुदा, त्यावर कर्मचाऱ्यांच्या हरकती, शेवटी मराठी आवृत्ती आणि प्रशिक्षण. आणि प्रत्येक टप्पा स्वीकारल्यावरच त्याचा हप्ता. अर्ज करणाऱ्यांपैकी काही जण मुलाखतींची अट वाचूनच गळाले, हे बरेच झाले.

पैशाचा मुद्दाही तितकाच गंभीरपणे घ्यायला हवा. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे, आणि कायदेविषयक व व्यावसायिक शुल्क त्यातच मोजले जाते. वर्षाला दोन कोटी रुपये येत असतील तर मर्यादा ४० लाखांची. सल्लागाराचे शुल्क सहा लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ७,०८,००० रुपये. ही रक्कम लहान नाही, आणि ती खर्चताना एखाद्या लहान संस्थेने हात आखडता घेतला तर मी तिला दोष देणार नाही. तिने सगळी पुस्तिका एकदम हाती न घेता ग्रॅच्युइटी, तक्रारनिवारण आणि प्रवास एवढ्याच तीन प्रकरणांसाठी मोजक्या दिवसांचा सल्ला घ्यावा. उधळपट्टी म्हणायचे तर ती न मागितलेल्या कामाची किंवा न वाचता स्वीकारलेल्या मसुद्याची.

राहिला शेवटचा मुद्दा : संस्थेतला जुना माणूस. आमच्या कार्यालयात तो माणूस मीच आहे, अकरा वर्षे. मुख्यालयाच्या प्रवासनियमात असे कलम होते, की कर्मचाऱ्याने कामासाठी दुचाकी वापरू नये, कार्यालयीन वाहन किंवा परवानाधारक टॅक्सी वापरावी. हरसूलच्या पुढे टॅक्सी मागवून पाहावी. आमचे सगळे क्षेत्र कार्यकर्ते स्वतःच्या मोटारसायकलवर फिरतात, किलोमीटरप्रमाणे पेट्रोलचे बिल लावतात, आणि ती बिले दर महिन्याला सही करून मंजूर मी करतो. म्हणजे जो नियम मोडल्याबद्दल अपघातानंतर विमा आणि भरपाई दोन्हींवर प्रश्न निघू शकला असता, तो नियम मोडण्याचे पैसे अकरा वर्षे माझ्याच सहीने जात होते, आणि मला त्यात काही खटकले नव्हते. कार्यकर्त्यांनीही ते मला कधी सांगितले नाही. सांगितले असते तर पेट्रोल बंद होईल अशी त्यांना भीती होती. बाहेरून आलेल्या सल्लागार बाईंना त्यांनी पेठला चहा पिता पिता सांगितले, आणि त्याच बोलण्यात एका कार्यकर्तीने पावसाळ्यात अंधार पडल्यावर एकटीने सावळघाट उतरावा लागतो हेही सांगितले.

आता त्या कलमात दुचाकीला परवानगी आहे. हेल्मेट आणि रेनकोट संस्था देते, अपघात विम्यात दुचाकीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि जून ते सप्टेंबर या काळात संध्याकाळी सहानंतर घाट उतरायचा नाही. उशीर झाला तर पेठमध्ये मुक्काम करायचा आणि त्याचे बिल लावायचे. मुख्यालयाची संमती यायला सात आठवडे लागले. पहिले मुक्कामाचे बिल मागच्या महिन्यात आले, ४५० रुपयांचे.