पुन्हा तोच हळदीचा लेप!

बेळगाव स्टँडवर बायकांचं कुठलंही मासिक उचला. वर पैठणी, आत हळदीचा लेप, मागे राशिभविष्य. आणि मधे चार पानं 'सासूचं मन कसं जिंकाल?' बास की आता! बाईला दुसरं काही सुचतच नाही, असं कुणी ठरवलं?

माझी जाऊ उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवते. भाची खानापूरच्या जंगलात पक्षी बघत हिंडते. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांनी १९८०च्या दशकात संप केले. यांच्यासाठी एक पान नाही? किर्लोस्करांनी १९३०मध्ये 'स्त्री' मासिक काढलं, त्याला शंभर वर्षं होत आली, आणि आम्ही अजून फेशियलवरच! शेअर बाजार द्या, कायदा द्या. कन्नडमधला जमिनीचा उतारा कसा वाचायचा, तेवढं तरी छापा!