‘कमाल मेमरी’चा आकडा शोभेचा नसतो

माहितीपत्रकात ‘कमाल मेमरी ३२ जीबी’ असं छापलेलं असतं, प्रत्यक्षात तेवढी रॅम लावली की मशीन ती ओळखतच नाही. अशी तक्रार कोणी केली की एक ठरलेलं उत्तर फिरू लागतं: ‘तो आकडा सैद्धांतिक असतो, चिपसेटवाल्यांचा (प्रोसेसर, मेमरी वगैरे भाग एकमेकांना जोडणाऱ्या चिप बनवणाऱ्यांचा) असतो. त्यावरून कॉम्प्युटर कंपनीला धरणं म्हणजे अज्ञान.’ हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की तक्रार करणाराच ओशाळतो. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊ.

‘आकडा चिपसेटचा, कंपनी काय करणार?’

मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमचा कारभार पाहणारा भाग, आता प्रोसेसरच्या आतच असतो आणि त्याची मर्यादा इंटेल किंवा एएमडी ठरवते, हे खरं. पण बोर्डवर स्लॉट किती द्यायचे, त्यांची जोडणी कशी आखायची आणि मशीन सुरू होताना मेमरी ओळखणारं बायोस कसं असावं, हे मशीन विकणारी कंपनी ठरवते. माहितीपत्रकही तीच छापते.

इंटेलचा ९४५ चिपसेट आठवतो का? २००६च्या सुमारास तो कितीतरी लॅपटॉपमध्ये होता. इंटेलचा मेमरी कंट्रोलर तेव्हा चिपसेटमध्येच असे. कागदावर मर्यादा ४ जीबी. पण मुळात तो ४ जीबीपुरतेच पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) हाताळायचा, आणि त्यातलेच काही ग्राफिक्स, पीसीआय उपकरणं (बोर्डला जोडलेली इतर कार्डं वगैरे) आणि बायोससाठी राखून ठेवावे लागत. त्या पत्त्यांखाली झाकली गेलेली मेमरी वर सरकवायची सोय त्यात नव्हती. त्यामुळे ४ जीबी लावले तरी वापरायला तीन-साडेतीनच मिळायचे. तरीही काही उत्पादकांनी बिनधास्त ‘४ जीबीपर्यंत’ छापलं. ॲपलने मात्र २००६ अखेरच्या मॅकबुक प्रोसाठी ‘३ जीबीपर्यंत’ असंच लिहिलं. चिपसेटचं घराणं तेच, अडचणही तीच. म्हणजे खरा आकडा छापणं शक्य होतं.

‘दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा असतो’

कधी कधी असतो. विंडोज ७ होम प्रीमियमची ६४-बिट आवृत्ती १६ जीबीच्या पुढे जात नाही. तिथे मशीनच्या कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. पण बायोसच्या पडद्यावरच मेमरी कमी दिसत असेल तर विंडोज अजून सुरूही झालेलं नसतं.

‘सूचनेविना बदल होऊ शकतो, असं लिहिलेलं असतं की!’

ती ओळ पुढे बनणाऱ्या मालासाठी. विकून झालेल्या मशीनचं वर्णन तिने बदलत नाही. एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० हे ग्राफिक्स कार्ड सप्टेंबर २०१४ मध्ये ४ जीबी मेमरीचं म्हणून आलं. पुढे वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं की शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा फार मंद आहे. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने मान्य केलं की आधी दिलेले काही तांत्रिक आकडेही चुकीचे होते. अभियंते आणि मार्केटिंग यांच्यात गफलत झाली, असा खुलासा आला. अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१६च्या तडजोडीत प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर द्यायचं ठरलं. तिथे तर ४ जीबी मेमरी कार्डावर खरोखरच बसवलेली होती!

‘घेतानाच तपासायचं होतं’

मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा मुद्दा. कमाल मेमरीचं आश्वासन खरेदीच्या दिवशी कोणी वापरत नाही. माणूस ८ जीबीचं मशीन घेतो, कारण पुढे मोठी मॉड्यूल (रॅमच्या पट्ट्या) स्वस्त झाली की वाढवता येईल असा त्याचा हिशेब असतो. कधी कधी तर तेवढी मॉड्यूल त्या वेळी बाजारात आलेलीच नसतात. मग तपासणार काय? ती सोय असलीच तर कंपनीच्या प्रयोगशाळेत. कंपनीनेही तपासलेलं नसेल तर ‘१६ जीबीपर्यंत तपासलेलं’ असं लिहावं, काही बिघडत नाही. रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, असते तिथे निदान संदिग्धता तरी नसते.

‘असं धरलं तर कंपन्या आकडे कमीच लिहितील’

लिहू देत. २०१०च्या १३ इंची मॅकबुक प्रोची अधिकृत मर्यादा ८ जीबी होती, पुढे त्यात १६ जीबी चालू लागले. त्यावरून कोणी भांडायला गेलं नाही. आणि नेमकं लिहायचं तर तेही जमतं: रायझन ७००० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी एएमडीने डीडीआर५ या प्रकारच्या रॅमचा अधिकृत वेग दोन मॉड्यूलना ५२००, पण चार लावल्यास ३६०० असा वेगवेगळा दिला आहे. जाहिरातीत ते देखणं दिसत नाही, पण घेणाऱ्याला कळतं.

‘मग काय, नवं मशीन द्यायचं?’

दर वेळी नाही. अडचण बायोसची असेल तर सुधारित बायोस द्यावं, वॉरंटी संपली असली तरी, कारण हा नंतर झालेला बिघाड नाही, पहिल्या दिवसापासूनची उणीव आहे. बोर्डमध्येच मर्यादा असेल तर मशीन परत घ्यावं किंवा फरकाचे पैसे द्यावेत, ज्याला जे हवं ते. आणि माहितीपत्रकातला आकडा त्याच आठवड्यात दुरुस्त करावा.