सिक्युरिटीचे चार लाख

महिन्याची एक-दोन तारीख आली की आमच्या चाकणच्या कंपनीत मला कोणी नीट चहापण विचारत नाही. माझं काम काय, तर सामायिक खर्च डिपार्टमेंट-डिपार्टमेंटमध्ये वाटायचा, तोही एक्सेलमध्ये. ऐकायला सोपं वाटतं, पण भावकीत बांधाची मोजणी केलेल्या माणसाला विचारून बघा.

आता सिक्युरिटीचंच घ्या. बिल ४ लाख. माणसं एकूण ३२०, त्यातली स्टोअरला फक्त ८, पण जागा त्यांनी ४० टक्के अडवलेली. डोकी मोजून वाटलं तर स्टोअरच्या वाट्याला १०,०००, स्क्वेअर फूट धरले तर १,६०,०००. म्हणून स्टोअरचे साहेब म्हणणार डोकी मोजा, असेंब्लीचे साहेब म्हणणार जागा मोजा. "अहो, वॉचमन बॅगा माणसांच्या तपासतो की फरशीच्या?" इति स्टोअर. "चोर आला तर तुमच्याकडेच येणार ना, आमच्याकडे अर्धवट जोडलेला माल कोण नेतंय?" इति असेंब्ली. मला दोघांचंही पटतं, हाच खरा घोळ आहे. शेवटी टेप घेऊन मोजायलाच गेलो तर म्हणे जिना आमच्यात धरू नका, त्याच्यावरून सगळेच जातात. मग काय, दिली जिन्याला स्वतंत्र रो.

त्याहून भारी म्हणजे मेन्टेनन्स आणि कॅन्टीन. मेन्टेनन्सची पोरं कॅन्टीनमध्ये जेवतात म्हणून कॅन्टीनचा थोडा खर्च त्यांच्यावर, आणि कॅन्टीनचा फ्रीज तीच पोरं दुरुस्त करतात म्हणून त्यांचा थोडा खर्च कॅन्टीनवर, की लगेच एक्सेल सर्क्युलर रेफरन्स, म्हणजे आकडा फिरून स्वतःवरच येतोय, म्हणून हात वर करतं. त्याला उपाय आहे, सेटिंगमध्ये जाऊन इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करायचं, मग ते तोच हिशोब १०० वेळापर्यंत फिरवतं, दर फेरीला फरक कमी होत जातो आणि आकडा एका जागी बसतो. हे मी मीटिंगमध्ये उत्साहाने सांगितलं तर कॅन्टीनवाले म्हणाले, "म्हणजे एका फ्रीजचे १०० वेळा पैसे लावलेत?"

तेव्हापासून स्टेप-डाऊन. आधी मेन्टेनन्स वाटून मोकळं व्हायचं, मग कॅन्टीन वाटायचं, आणि वाटून झालेल्याकडे परत वळून बघायचं नाही. त्यामुळे मेन्टेनन्सची पोरं आता फुकट जेवतात, निदान कागदावर तरी.

या महिन्यात रात्री साडेनऊला सगळं जुळलं, फक्त राऊंडिंगमुळे सिक्युरिटीची टोटल ३,९९,९९९. तो एक रुपया मी जिन्यावर टाकला. जिना काही मीटिंगला येत नाही.