मच्छिमारांना हटवा म्हणणाऱ्यांनी आधी आपो बेट पाहावं

व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतोय: ‘मासेमारी आणि प्रवाळ एकत्र नांदूच शकत नाहीत. गावाच्या हाती दिलेला समुद्र रिकामा होतो. सरकारने ताबा घ्यावा, मच्छिमारांना हटवावं.’

पहिलं वाक्य घेऊ. फिलिपिन्समध्ये सुमिलोन आणि आपो ही दोन छोटी बेटं आहेत. सिलिमन विद्यापीठाच्या पुढाकाराने 1974 साली सुमिलोनच्या प्रवाळांचा साधारण चौथा हिस्सा मासेमारीला बंद झाला. बाकीच्या भागात होड्या चालूच होत्या. दहा वर्षांनी स्थानिक राजकारण फिरलं आणि बंद हिस्साही खुला झाला. आता जागा वाढली, म्हणजे मासळी वाढायला हवी ना? दीडेक वर्षात बेटाची एकूण मासळी निम्म्याहून खाली आली. बंद पट्ट्यात वाढलेले मासे बाहेर येऊन जाळ्यात पडत होते. ती पेवंच उपसली गेली. म्हणजे दोन्ही एकत्र नांदत होते, तेही दहा वर्षं.

‘गाव समुद्र रिकामा करतं’ याला उत्तर आपोचं. सुरुंग लावून, सायनाइडचं विष टाकून मासे धरणं हे प्रकार तिथल्या पाण्यातही झाले, नाकारायचं कशाला? पण सिलिमन विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ एंजेल अल्कालांनी तिथल्या मच्छिमारांना सुमिलोनचं पाणी दाखवलं, वर्षानुवर्षं बोलणी केली आणि 1982 साली गावाने स्वतःच किनाऱ्यालगतचा सुमारे 450 मीटरचा पट्टा मासेमारीला बंद केला. राखणही गावाचीच. पुढच्या दोन दशकांत त्या पट्ट्यात मोठे मासे वाढत गेले, आणि बाहेरची मासेमारीही बुडाली नाही.

सरकारी ताब्याचं म्हणाल तर 1994 नंतर आपो राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं. पर्यटकांच्या शुल्कातला चौथा हिस्सा केंद्रीय निधीत जाऊ लागला, उरलेल्यासाठीही बेटाला वाट पाहावी लागे. आपल्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, पण मच्छिमारांचा विरोध काही मिटला नाही. त्यांना न विचारता आखलेली रेघ पाण्यावर टिकेल कशी?

एक मात्र मान्य. 2011 आणि 2012 च्या डिसेंबरातल्या वादळांनी आपोच्या राखीव पट्ट्यातले प्रवाळ मोडून टाकले. पाणी तापलं की प्रवाळ पांढरे पडतात, तेही गावाच्या ठरावाने थांबत नाही. मच्छिमारांना हटवून तरी कुठे थांबणार आहे?