जावई रांगतो तेव्हा

आमच्या बैठकीच्या खोलीत गाण्यातला बेस उत्तम ऐकू येतो. फक्त तो ऐकायला इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावर बसावं लागतं. ढीग असतो मागच्या कोपऱ्यात. दोन भिंती आणि जमीन जिथे भेटतात तिथे खालचे सूर सगळ्यात जास्त साचतात, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या शर्टांना आधीपासून माहीत असावं. मी मात्र खोलीच्या बरोबर मध्यावर, दोन्ही स्पीकरपासून टेपने मोजून सारख्या अंतरावर खुर्ची मांडून बसायचो, आणि माझ्या वाट्याला यायची नुसती झांज.

आधी दोष स्पीकरला दिला. मग वायरींना. मग अ‍ॅम्प्लिफायरला. बायको म्हणाली, "एकदा कान तपासून घे." खोलीवर संशय यायला वर्ष गेलं, कारण ती बिचारी गप्प उभी होती.

हिशेब तसा शाळकरी आहे. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. खोली 14 फूट लांब, म्हणजे 4.27 मीटर. जाणारी लाट आणि भिंतीवर आपटून परतणारी लाट 40 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 40 कंपनांना, अशा काही जुळतात की दोन्ही भिंतींपाशी धुमाकूळ आणि बरोबर मध्यावर सामसूम. 11 फुटी रुंदीचा हाच प्रताप 51 हर्ट्झला. आता चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर 41 हर्ट्झला वाजते, शेजारची 55ला. म्हणजे खोली बांधणाऱ्याने दोघींना नाव घेऊन गाठलं होतं. मध्यावर बसलं की जाड तार बेपत्ता. म्हणून खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली, तर तीच तार अशी धडधडायला लागली की वादकाला दुसरं काही येतच नाही असं वाटावं. रुंदीचा खड्डा तर जागचा हलेना, कारण मधली रेघ सोडली की गायक उठून डाव्या स्पीकरच्या मांडीवर जाऊन बसायचा.

मग फोम आणला. दोन इंच जाडीचा, वर छान खाचा असलेला, आणि भिंतभर चिकटवला. टाळी वाजवली तर टाळी मेली. बोललं तर गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखं वाटायचं. बेस मात्र होता तसाच. 40 हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. तिच्यापुढे दोन इंच फोम म्हणजे हत्तीच्या वाटेत ठेवलेलं पायपुसणं. तो भिंतीला चिकटवून ती लाट खरंच जिरवायची, तर थर तिच्या पाव लांबीच्या आसपास, म्हणजे सात फूट लागतो. दोन्ही बाजूंनी सात सात फूट दिले असते तर 14 फुटांच्या खोलीत फक्त फोम राहिला असता. शांतता मिळाली असती, हे खरं.

त्यानंतर इक्वलायझर, म्हणजे हवे ते सूर वेगळे चढवायची-उतरवायची सोय. माइक कानाच्या उंचीवर लावून 20 ते 200 हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर वाजवला. तो पोटातून सुरू होतो, बरगड्यांमधून वर सरकतो आणि वाटेत घरातली प्रत्येक सैल वस्तू शोधून काढतो. शोकेसची काच, ट्यूबलाइटची पट्टी, मुलीची ट्रॉफी, सगळ्यांनी हजेरी लावली. आलेखात 40ला सुळका आणि 51ला दरी. सुळका कापला, तो निमूटपणे खाली आला. मग दरी भरायला घेतली. 10 डेसिबल वाढवायचे तर दहापट ताकद लागते. सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर, कण्हायला लागला, त्याचा पडदा बाहेर येतो की काय असं झालं, आणि दरी तशीच. कारण तिथे लाटच लाटेला मारते. एकीला खुराक दिला की दुसरीही तेवढीच माजते. गळक्या घागरीत पाणी भरण्यातला हा आधुनिक प्रकार.

शेवटचा उपाय उरला होता तो माणसाने घरात एकटं असताना करायचा असतो. सबवूफर उचलायचा आणि आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, सतत बेस असलेलं काहीतरी लावायचं, आणि आपण भिंतीकडेने चार पायांवर रांगत फिरायचं. कान आणि सबवूफर यांची अदलाबदल केली तरी खोलीला फरक पडत नाही, म्हणून जिथे बेस सगळ्यात सारखा ऐकू येईल तिथे सबवूफरचं घर. त्याप्रमाणे तो माझ्या खुर्चीत पाहुण्यासारखा बसला आणि मी त्याच्याभोवती रांगू लागलो. गाल जमिनीला, कान भिंतीला. दारामागे पोचलो आणि तिथे सूर एकदम सपाट झाला. मी डोळे मिटले. त्याच क्षणी दार उघडून माझ्या डोक्यावर आदळलं.

दारात सासूबाई.

"जावईबापू, काही हरवलंय का?"

"बेस," मी जमिनीवरूनच म्हणालो.

"बेस आहे तर मग रांगताय कशाला?"

त्यांनी खुर्चीतल्या सबवूफरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत लेकीला विचारायला गेल्या. काय विचारलं ते मला आजवर कळलेलं नाही.

पण जागा तीच. सबवूफर दारामागे गेला, स्पीकर आणि खुर्ची मिळून सगळा संसार एक फूट डावीकडे सरकला, म्हणजे गायकही मध्ये राहिला आणि मी त्या दरीच्या तळातून बाहेर आलो. दार आता अर्धंच उघडतं. घरातली माणसं तिरकी होऊन आत येतात. मोठी पिशवी असेल तर आधी पिशवी, मग माणूस. आलेख मात्र असा सपाट आला की मी तो छापून कपाटावर लावला.

पुढच्या खेपेला सासूबाई तिरक्या होत आत आल्या तेव्हा मी त्यांना मुद्दाम माझ्या खुर्चीत बसवलं आणि गाणं लावलं. जाड तार, तिच्या शेजारची तार, सगळ्या आपापल्या जागी, कुणीही आरडाओरडा करत नव्हतं. त्यांनी एक कडवं लक्ष देऊन ऐकलं.

"यातली ती धमधम कुठे गेली?"

"काढून टाकली."

"अहो," त्या हळहळून म्हणाल्या, "तेच तर बेस होतं."

त्या गाणं संपेपर्यंत थांबल्या नाहीत. मागच्या कोपऱ्यात गेल्या आणि ढिगावरचे शर्ट बाजूला सारून तिथेच बसल्या.