तीन, दोन आणि एक मावशी

सांगलीतल्या हळदीच्या एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबपट्ट्या करायच्या, वसुलीचे फोन करायचे आणि विजेवर चालणारं काहीही बंद पडलं की शिव्या खायच्या. आमचा सर्व्हर देवघराच्या फळीखाली असतो. दसऱ्याला त्याचीही पूजा होते. एका वर्षी कुंकू पंख्यात गेलं आणि तो चार दिवस रिक्षासारखा घरघरत होता.

बॅकअपची मात्र मला काळजी नव्हती. रोज दुकान वाढवताना टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचं चित्र माउसनं धरायचं, पेनड्राइव्हवर सोडायचं, पेनड्राइव्ह खिशात. तीन वर्षं एक खाडा नाही. मग एका सकाळी डिस्क बसली. मी ऐटीत पेनड्राइव्ह काढला, तर आत दोन केबीचा शॉर्टकट! खरा डेटा '१००००' असल्या नावाच्या फोल्डरात राहतो म्हणे. म्हणजे तीन वर्षं मी रोज तिजोरी समजून दुकानाची पाटी घरी नेत होतो.

सीएकडे मार्चपर्यंतचा डेटा निघाला. पुढचे पाच महिने मी पट्ट्यांच्या कार्बन प्रतींवरून पुन्हा टायपले. दुकानात धड चालणारा बॅकअप तेवढाच होता, निळा.

कॉम्प्युटरवाला पोरगा आला तेव्हा शेठ म्हणाले, "अरे, आत दोन डिस्क टाक की. एक मेली तर दुसरी."

"शेठ, तो आरसा झाला. दिवाणजींनी इकडं पुसलं की तिकडंही पुसलं जातं."

उदाहरणाला मीच का, हे मी विचारलं नाही. पण पोरगं मनानं चांगलं. २०१७ साली गिटलॅब नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला, बॅकअपच्या पाच वाटा होत्या, पाचही ऐनवेळी कामाला आल्या नाहीत, सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली म्हणून निभावलं, असं त्यानं सांगितलं. मला त्या रात्री झोप चांगली लागली.

त्याचा मंत्र होता तीन-दोन-एक. डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक गावाबाहेर. बॅकअपची डिस्क कपाटात ठेवायची, कॉम्प्युटरला कायम जोडून नाही, नाहीतर खंडणी मागणारा व्हायरस तिलाही कुलूप घालतो. इथवर ठीक. क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली प्रत, म्हटल्यावर शेठ बिथरले. "ढगाच्या भरवशावर आमचा शेतकरीसुद्धा राहत नाही." शेवटी घेतला. आमच्या लाइनवर पहिली प्रत वर चढायला दोन दिवस लागले, आणि दोन्ही दिवस शेठ ढगाकडं बघावं तसे स्क्रीनकडं बघत होते.

खरी चर्चा गावाबाहेरच्या डिस्कवर झाली. "माझ्या घरी ठेवू," शेठ म्हणाले. मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा शेठ घराच्या गच्चीवरून होडीत उतरले होते. मिरज? फार जवळ. कोल्हापूर? त्यांची पंचगंगा आमच्याच मुहूर्तावर फुगते. मग शेठना जतची मावशी आठवली. जतला पूर आला तर आधी पेढे वाटतील.

आता दर शनिवारी टेम्पोवाल्याबरोबर एक डिस्क जतला जाते, आधीची परत येते. मावशी ती गव्हाच्या कोठीमागं, फडक्यात गुंडाळून ठेवतात. परत आलेल्या डिस्कला बोरिक पावडरीचा वास असतो. किडे लागू नयेत म्हणून.

"पण उघडून बघितल्याशिवाय बॅकअप धरायचा नाही," पोरगा म्हणाला. मुहूर्त ३१ मार्चचा. त्या दिवशी जागतिक बॅकअप दिन असतो. तो दिवस ज्यानं ठेवला त्याला आपल्याकडची वर्षअखेर माहीत नसणार. जतची डिस्क पोरानं स्वतःच्या लॅपटॉपवर उघडली. सगळं होतं! खतावणी, पट्ट्या, पै-पै. मला भरून आलं.

शेठ चष्मा लावून खाली वाकले, नावं वाचत गेले, आणि एकदम फोन उचलून एका व्यापाऱ्यावर बरसले. बेचाळीस हजार थकवून वर रामराम करतो म्हणजे काय!

"शेठ, ते त्यांनी सोमवारी दिले. हा गेल्या शनिवारचा डेटा आहे."

शेठनी फोन ठेवला. पुन्हा एकदा ती यादी वरपासून खालपर्यंत डोळे भरून पाहिली.

"दिवाणजी, ही प्रत पुसू नका. हिच्यात येणं जास्त आहे."